पुण्यात शिकायला आला आहात? डिसेंबरमधला एक आठवडा गाणं, नाटक आणि सिनेमासाठी असा काढा

पुण्यात शिकायला आलं की पहिल्या महिन्यात मेस, झेरॉक्सचं दुकान, एफसी रोड आणि स्वारगेटचा स्टँड पाठ होतो. भरत नाट्य मंदिर कुठल्या पेठेत आहे, हे मात्र पदवी हातात पडेपर्यंत अनेकांना कळत नाही. मी मराठवाड्यातून इथे शिकायला आलो. होस्टेलच्या माझ्या मजल्यावरच्या कित्येक मुलांनी पुण्यातली सगळी वर्षं एकही नाटक न बघता काढली. पैशांची अडचण क्वचितच होती. तिकीट कुठे मिळतं, आत कसं जायचं, आपल्याला कळेल का, रात्री परत कसं यायचं, एवढे साधे प्रश्न कुणाला विचारायचे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे क्रमाने लिहितो आहे.

## १. आठवडा निवडा: डिसेंबरचा मधला

पुण्यात बारा महिने काही ना काही चालूच असतं. पण सगळं एकत्र पाहायचं असेल तर डिसेंबरच्या मधल्या आठवड्याला तोड नाही. याच सुमारास शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, म्हणजे बोलण्यातला 'सवाई', असतो. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण याच दिवसांत चालते. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो आहे, तोही डिसेंबरमध्येच. शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकांचे प्रयोग असतातच. हवा थंड आणि कोरडी असते, त्यामुळे पायी फिरता येतं.

यात एकच अडचण आहे, ती म्हणजे सत्र परीक्षा. सप्टेंबरमध्येच वेळापत्रकाचा अंदाज घ्या. पेपर नेमके त्याच आठवड्यात येत असतील तर हा बेत जानेवारी-फेब्रुवारीवर ढकला. तेव्हा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि पाठोपाठ फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेची धामधूम सुरू होते. पेपर बुडवून गाणं ऐकायला बसलात तर त्या गाण्याकडे लक्षच लागणार नाही.

## २. आधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण जी लागतात ती ऐनवेळी सापडत नाहीत. म्हणून आदल्या रविवारीच एका पाकिटात भरून ठेवा:

- कॉलेजचं ओळखपत्र, चालू वर्षाचा शिक्का असलेलं. संग्रहालयात आणि चित्रपट महोत्सवाच्या नोंदणीत विद्यार्थी सवलत यावरच मिळते. फोनमधला फोटो दरवेळी चालेलच असं नाही.
- आधार कार्डाची एक प्रत आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. फिल्म क्लबचं सदस्यत्व किंवा महोत्सवाचा पास काढताना उपयोगी पडतात.
- मेट्रोचं कार्ड किंवा पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, पास.
- शंभर आणि पन्नासच्या थोड्या नोटा. यूपीआय सगळीकडे आहे, पण गर्दीच्या वेळी रेंज जाते आणि मागची रांग खोळंबते.
- होस्टेलमध्ये राहत असाल तर उशिरा येण्याची लेखी परवानगी. याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे, पण अर्ज मात्र आजच द्या.

सामानात एक जाड चादर किंवा सतरंजी, स्वेटर किंवा शाल, पाण्याची बाटली आणि छोटी वही घ्या. वही मी आग्रहाने सांगतो. कुठला राग ऐकला, तबल्यावर कोण होतं, नाटकात प्रकाशयोजना कुणाची होती, हे तिथल्या तिथे लिहून ठेवलंत की पुढच्या वेळी कुणाचं नाव शोधायचं ते आपोआप कळतं.

## ३. कार्यक्रम कुठे कळतात

फोनवर जे आपसूक समोर येतं ते बहुतेक मोठ्या, महागड्या कार्यक्रमांचं असतं. छोटे आणि चांगले कार्यक्रम अजूनही तीन ठिकाणी सापडतात.

पहिलं म्हणजे मराठी वर्तमानपत्राची पुणे आवृत्ती. शहरातल्या त्या दिवशीच्या कार्यक्रमांचा एक बारीक टायपातला रकाना त्यात असतो. व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, एखाद्या गुरूंच्या पुण्यतिथीची मैफल, चित्रप्रदर्शनाचा शेवटचा दिवस असं सगळं तिथे दोन-दोन ओळींत मिळतं. होस्टेलच्या वाचनालयात हा रकाना सकाळीच वाचा. नाटकांच्या जाहिरातींचं पान वेगळं असतं आणि आठवड्याच्या शेवटी ते भरगच्च होतं.

दुसरं, नाट्यगृहाच्या दारातला फलक. जंगली महाराज रस्त्यावरून जाताना बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात शिरून पाच मिनिटं फलक बघायची सवय लावा.

तिसरं, माणसं. तुमच्या कॉलेजात कलामंडळ असेल तर त्यातल्या एखाद्या सीनियरशी ओळख करून घ्या. पुण्यात कुठल्या हॉलमध्ये काय चाललं आहे हे या मुलांना सगळ्यात आधी कळतं.

जाहिरात वाचताना एक चूक नवख्यांकडून हमखास होते. पुण्याच्या आवृत्तीत पिंपरी-चिंचवडचे प्रयोगही छापलेले असतात. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांच्यात शहराचा अख्खा व्यास आहे. नाटकाचं नाव, वार आणि वेळ पाहून तिकीट काढलं आणि नाट्यगृहाचं नाव वाचायचं राहिलं, की पहिला अंक रस्त्यातच संपतो. शिवाय दुपारी साडेबाराचा, संध्याकाळी साडेपाचचा आणि रात्री साडेनऊचा असे प्रयोग असतात, त्यामुळे वेळ दोनदा वाचा.

## ४. तिकिटं कुठल्या क्रमाने काढायची

आधी सवाई. महोत्सवाच्या तारखा आणि कलाकारांची यादी जाहीर झाली की लगेच ठरवा. पूर्ण महोत्सवाचं सीझन तिकीट आणि रोजचं तिकीट असे दोन प्रकार असतात. खुर्ची आणि भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर बसायची जागा, यांचे दर वेगळे असतात आणि बैठकीचं तिकीट खुर्चीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. विद्यार्थ्याने बैठकीचंच घ्यावं. पहिल्याच वर्षी सीझन तिकीट काढू नका. दोन दिवस निवडा आणि ते पूर्ण ऐका.

मग व्यावसायिक नाटक. तिकिटं बुकमायशोवर किंवा तिकीटालयवर मिळतात, पण त्यावर सुविधा शुल्क लागतं. नाट्यगृहाच्या खिडकीवर ते लागत नाही. शिवाय समोर आसनांचा तक्ता असतो आणि आतला माणूस विचारलं तर नीट सांगतो. खिडकी सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते. दुपारी जाऊ नका, हेलपाटा पडेल. पुढच्या रांगांचं तिकीट साधारण चार-पाचशेपर्यंत जातं, बाल्कनी त्याहून स्वस्त. माझं मत विचाराल तर बाल्कनीची पहिली रांग ही विद्यार्थ्यासाठी उत्तम जागा. अख्खा रंगमंच दिसतो आणि नेपथ्यातल्या हालचाली कळतात.

प्रायोगिक नाटकाचं तिकीट शेवटी काढलं तरी चालतं, पण प्रयोगाच्या दिवसापर्यंत थांबू नका. जागा कमी असतात. फोनवर नाव नोंदवलं असेल तर वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा, नाहीतर नाव कापून ती जागा दुसऱ्याला देतात.

राज्य नाट्यस्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं आणि दारातच मिळतं. व्याख्यानं, पुस्तक महोत्सव आणि बरीचशी चित्रप्रदर्शनं मोफत असतात. एकूण हिशेब धरला तर सवाईचं एक तिकीट, एक बाल्कनी, एक प्रायोगिक नाटक, संग्रहालय, प्रवास आणि मधलं चहापाणी हे दीड हजारांच्या आसपास बसवता येतं. सवाईचे दोन दिवस घेतले तर थोडे अधिक धरा.

विनामूल्य कार्यक्रमाच्या जाहिरातीत तळाशी "काही जागा राखीव" आणि "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" असं लिहिलेलं असतं. ते शब्दशः खरं असतं. पुण्यातले ज्येष्ठ रसिक पाऊण तास आधी येऊन बसतात. तुम्हीही तेवढंच लवकर जा, आणि पुढच्या दोन-तीन रांगा सोडून बसा.

## ५. सोमवार ते गुरुवार: लहान जागांपासून सुरुवात

नवीन माणसाने मोठ्या सभागृहापासून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. लहान जागेत नट हाताच्या अंतरावर असतो, गायकाचा श्वास ऐकू येतो आणि कार्यक्रम संपल्यावर कलाकारांशी बोलताही येतं.

सोमवार संध्याकाळ लॉ कॉलेज रस्त्यासाठी ठेवा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिचा स्टुडिओ इथे उभा राहिला. त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच रस्त्यावर आहे. पी. के. नायर यांनी देशभर हिंडून जुन्या चित्रपटांच्या प्रिंट या संग्रहालयासाठी गोळा केल्या. भारतातले जे थोडे मूकपट आज पाहायला मिळतात, ते बरेचसे त्यांच्यामुळे. संग्रहालयाच्या थिएटरात अधूनमधून चित्रपट दाखवतात, त्यांचे दिवस आधी पाहून ठेवा. त्या आठवड्यात तिथे खेळ नसेल तर आशय फिल्म क्लबसारख्या संस्थेचा कार्यक्रम आहे का ते शोधा. क्लबचं सदस्यत्व वर्षभर उपयोगी पडतं. तुमचा रूममेट परराज्यातला असेल आणि त्याला मराठी येत नसेल, तर त्याला पहिल्यांदा इथेच आणा. उपशीर्षकांमुळे दोघांना सारखंच कळतं.

मंगळवारी दुपारी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर वाड्यांतून, बाजारांतून, गावोगावहून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं. इथे राजांच्या तलवारींपेक्षा दिवे, अडकित्ते, दौती, पाय घासायच्या वज्री आणि कोरीव दरवाजे जास्त लक्षात राहतात. वाद्यांच्या दालनात थोडा जास्त वेळ द्या. तानपुरा, सारंगी, रुद्रवीणा आधी डोळ्यांनी पाहिली असेल तर शुक्रवारी मंचावर ओळखू येते. दोन तास पुरतात, पण बंद व्हायच्या वेळेला जाऊ नका.

बुधवारी संध्याकाळी भरत नाट्य मंदिर, सदाशिव पेठ. ही संस्था १८९४ पासूनची आहे. राज्य नाट्यस्पर्धेची पुण्यातली फेरी इथे असेल तर त्या दिवसाचं जे नाटक असेल ते बघा. बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारी माणसं महिनोन्‌महिने संध्याकाळी तालमी करून ते उभं करतात. प्रत्येक नाटक चांगलंच असेल असं नाही. पण परीक्षक खाली बसलेले, नेपथ्य काही तासांत लावून काढायचं आणि सगळी गणितं एकाच प्रयोगावर, हा ताण प्रेक्षागृहातही जाणवतो. नाटक कसं बनतं हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. शेवटपर्यंत बसा, टाळ्या द्या.

गुरुवार प्रायोगिक नाटकासाठी. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, टिळक रस्त्यावर हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि त्याच इमारतीतला श्रीराम लागू रंग-अवकाश, कर्वे रस्त्याजवळचं द बॉक्स, या जागा लक्षात ठेवा. इथे नेपथ्य कमी असतं आणि कधी कधी प्रेक्षक दोन-तीन बाजूंना बसलेले असतात. चालू प्रयोगात उठून जाणं शक्य नसतं, म्हणून आधीच स्वच्छतागृहात जाऊन या आणि फोन पूर्ण बंद करा. कंपनावर ठेवलेला फोनही एवढ्याशा खोलीत सगळ्यांना ऐकू येतो. संपल्यावर बऱ्याचदा चर्चा असते. नाटक कळलं नसेल तर तिथेच थेट विचारा. नवख्या प्रेक्षकाचा प्रश्न त्या मंडळींना आवडतो.

सकाळचा वेळ मोकळा असेल तर घोले रस्त्यावरचं राजा रवि वर्मा कलादालन आणि बालगंधर्वच्या आवारातलं कलादालन ओझरतं पाहून या. चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोला.

## ६. सवाई: शुक्रवार आणि जमल्यास रविवार

या आठवड्याचा गाभा हाच. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. भीमसेनजी २०११ मध्ये गेले, त्यानंतर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. बरीच वर्षं तो रमणबाग शाळेच्या पटांगणात होत असे. अलीकडे मुकुंदनगरमधल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो.

किती वाजता जायचं. आठवड्यातल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सुरुवात होते आणि रात्री दहाला थांबतं. शनिवारी विशेष परवानगीने मध्यरात्रीपर्यंत चालतं, तर रविवारचं सत्र दुपारीच लवकर सुरू होतं. पूर्वी गाणं रात्रभर चालायचं आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आलं, तेव्हापासून वेळा बदलल्या. त्यामुळे आता मुलतानी, भीमपलास, मारवा, पूरिया धनाश्री हे दुपार-संध्याकाळचे राग जास्त ऐकू येतात. वेळापत्रक निश्चित कळलं की सुरुवातीच्या कलाकारालाच पोहोचा. पहिल्या तासात बहुधा तरुण गायक-वादक असतात, मंडप अर्धा रिकामा असतो आणि बैठकीत मंचाजवळची जागा मिळते.

बसायचं कसं. सतरंजी अंथरा, पादत्राणं पिशवीत घालून जवळ ठेवा. पाच मित्रांसाठी चादर पसरून जागा अडवू नका. गर्दी वाढली की यावरूनच वाद होतात. एकेकटे बसलात तरी काही बिघडत नाही, उलट शेजारी ऐकण्यात मुरलेलं कुणीतरी मिळतं. पाय अवघडले की दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत उठा. गाणं चालू असताना ये-जा करू नका आणि रेकॉर्डिंग करू नका. सूर्य मावळला की मोकळ्या मैदानात गारठा झपाट्याने वाढतो. स्वेटर तेव्हाच आठवतो, म्हणून आधीच घाला.

ऐकायचं कसं. "मला शास्त्रीय कळत नाही" म्हणून मागे फिरू नका. एवढं करा. तानपुरे जुळताना लक्ष द्या. गायक डोळे मिटून खुंटी थोडीशी पिळतो, तारेखालचा जवारीचा दोरा किंचित सरकवतो आणि एका क्षणी चारही तारा मिसळून एकच झंकार उठतो. तो सूर मनात धरून ठेवा, पुढचा तासभर सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. मग विलंबित ख्याल सुरू होतो. बहुतेक वेळा तो एकतालात असतो. मात्रा बारा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिटही लागतं. त्या बारा मात्रा मोजत बसू नका. गायक बंदिशीच्या मुखड्याकडे, म्हणजे सुरुवातीच्या शब्दांकडे, वळला की आजूबाजूच्या जुन्या श्रोत्यांकडे बघा. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांची मान एकदम हलते. तीन-चार आवर्तनांत ती जागा तुम्हाला आधीच कळू लागते आणि तिथे तुमचाही हात आपोआप मांडीवर पडतो. एवढं झालं की तुम्ही ऐकायला लागलात. रागाचं नाव, थाट, वादी-संवादी हे सगळं सावकाश येतं.

पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. येऊ द्या. विलंबित ख्याल हा धरणासारखा असतो, पाणी साठायला वेळ लागतो. त्या वीस मिनिटांत उठून स्टॉलकडे गेलेल्या माणसाला पुढच्या द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या, बंदिशीत लोक का भारावतात ते कळत नाही. माझं स्पष्ट सांगणं आहे: पाच कलाकार थोडे थोडे ऐकण्यापेक्षा दोनच कलाकार पहिल्या षड्जापासून शेवटच्या तिहाईपर्यंत ऐका.

पैसे नसले तर. महोत्सवाच्या काळात सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे उपक्रम होतात. एकात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, दुसऱ्यात कलाकारांच्या मुलाखती असतात. प्रवेश मोफत असतो आणि विद्यार्थ्यांना याची कल्पनाच नसते. आदल्या रात्री मंचावर दूर दिसलेला कलाकार इथे गुरूने कसं शिकवलं ते सांगत असतो. सवाईचं तिकीट काढलेल्यांनीही हे चुकवू नये.

खाण्याचे स्टॉल आत असतात, पण दुपारी पोटभर जेवून जा. मेसचा संध्याकाळचा डबा बंद करायला सकाळीच सांगून ठेवा.

## ७. शनिवार: मराठी नाटक

शनिवारी बालगंधर्व रंगमंदिर. या इमारतीचा पायाभरणी समारंभ १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाला होता. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिर खुलं झालं तेव्हा ते हयात नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीच ते गेले होते. आत गेल्यावर हे आठवा.

कुठलं नाटक बघायचं? अगदी नव्या नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगामागे धावू नका. पंधरा-वीस प्रयोग झालेलं नाटक निवडा. नटांचा जम बसलेला असतो, प्रेक्षक कुठे हसतात हे त्यांना कळलेलं असतं आणि प्रत्येक हशाला ते बरोबर थांबतात. मालिकेतला ओळखीचा चेहरा पाहून नाटक ठरवू नका. जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार यांची नावं वाचा.

प्रयोगाच्या वीस मिनिटं आधी पोहोचा. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो, आणि अंधारात रांगेतल्या दहा जणांचे गुडघे ओलांडत जागेवर जाणं कुणालाच सुखाचं नसतं. मध्यंतर झालं की आधी बाहेर पडा, कारण बटाटेवड्याला लगेच रांग लागते. कढईतून काढलेला वडा, कागदाच्या तुकड्यावर चटणी आणि चहा, एवढ्यात पंधरा मिनिटं संपतात. या वेळेत बाजूच्या लोकांचं बोलणं ऐका. पहिल्या अंकाची इतकी चोख समीक्षा छापील रकान्यात सहसा सापडत नाही.

नाटक संपल्यावर कलाकारांना भेटायचं असेल तर रंगपटाच्या दाराशी थांबता येतं. सेल्फीआधी प्रयोगाबद्दल एखादं वाक्य बोला, ती माणसं मनापासून उत्तर देतात.

शनिवारी सकाळी वेळ असेल तर फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव. दुपारनंतर गर्दी फार होते. हवी असलेली पुस्तकं आधी लिहून न्या. पाठ्यपुस्तकं मात्र तिथे शोधू नका, त्यासाठी अप्पा बळवंत चौकच गाठा.

## ८. जाणं-येणं आणि रात्री परतणं

जायचं सोपं आहे. बालगंधर्वला छत्रपती संभाजी उद्यान स्थानक, फर्ग्युसनला डेक्कन जिमखाना, लॉ कॉलेज रस्त्याला नळ स्टॉपला उतरून पुढे रिक्षा किंवा पायी. केळकर संग्रहालय आणि भरत नाट्य मंदिर मंडई स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहेत. सवाईला आणि टिळक रस्त्याच्या सभागृहांना स्वारगेट. दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकात मिळतात, तिथे गाडी बदला.

परत येणं अवघड, कारण रात्री साडेनऊचं नाटक साडेबाराच्या आसपास सुटतं आणि तोवर मेट्रो बंद झालेली असते. त्या वेळी दारातल्या रिक्षा मीटरने येतीलच असं नाही. म्हणून पहिल्या वर्षी संध्याकाळी साडेपाचचाच प्रयोग घ्या. रात्रीचाच असेल तर एकाच दिशेचे तिघे-चौघे मिळून जा, परतीची गाडी आधी ठरवा आणि घरच्यांना किंवा रूममेटला कुठे आहात ते कळवून ठेवा. मुलींच्या होस्टेलचे दरवाजे बऱ्याच ठिकाणी लवकर बंद होतात. तिथे सवाईचे रात्री दहाला संपणारे दिवस घ्या आणि शेवटच्या कलाकाराचं द्रुत सुरू होण्याआधी निघायची तयारी ठेवू नका, त्याऐवजी परवानगी अर्ध्या तासाने वाढवून घ्या.

परवानगीचा अर्ज असा लिहा: कार्यक्रमाचं नाव, जागा, संपण्याची वेळ, सोबत कोण आहे, परतीची सोय. सोबत तिकिटाची प्रत जोडा. "मित्रांबरोबर बाहेर" असं लिहिलेला अर्ज नाकारला जातो, आणि "सवाईला जायचं आहे" असं सांगितलं की बहुतेक रेक्टर स्वतःच कुणाचं गाणं आहे ते विचारतात.

## ९. प्रेक्षकातून आत शिरायचं असेल तर

आठवडा संपल्यावर हात शिवशिवायला लागले असतील तर वर्षाचं वेळापत्रक टिपून ठेवा. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत नाट्य मंदिरात रंगते. "अरे आव्वाज कुणाचा!" ही आरोळी तिथलीच. आज मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर दिसणाऱ्या कितीतरी माणसांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो या स्पर्धेसाठी. फिरोदिया करंडकात नाटकाबरोबर गाणं, वादन, नृत्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच सादरीकरणात गुंफायच्या असतात, त्यामुळे ज्याला अभिनय येत नाही पण ढोलकी वाजवता येते किंवा रांगोळी काढता येते त्यालाही जागा असते.

कॉलेजचा संघ तालमी जूनच्या शेवटी किंवा जुलैत सुरू करतो, म्हणजे प्रवेशाच्या गडबडीतच. त्या वेळी सूचना फलकावर ऑडिशनची चिठ्ठी लागते आणि दोन दिवसांत निघूनही जाते. त्यामुळे डिसेंबरमध्येच कलामंडळाच्या सचिवाकडे नाव आणि फोन नंबर देऊन ठेवा. अभिनयात निवड झाली नाही तर बॅकस्टेजला नाव द्या: प्रकाश, संगीत, नेपथ्य उचलणं, प्रॉपर्टी (नाटकात हाताळायच्या वस्तू) सांभाळणं. प्रॉपर्टीच्या मुलाला संहिता सगळ्यात आधी पाठ होते. ऑडिशनला जाताना एखादा उतारा तयार ठेवा, दोन मिनिटांचा, तुमच्या गावच्या बोलीतला असला तर उत्तम.